सैराट, फँड्री आणि आपल्या घरातली पोरं

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे पुढेमागे झाले होते ते लिहिताना थोडे सरळ केले आहे.)



समितीने पत्रिकेवर आमच्या नावापुढे विषय छापला आहे, ‘आजची पिढी आणि संस्कार’. या विषयावर बोलणं फार सोपं आहे. पोरं बिघडली, मोबाईल वाईट, सिनेमा वाईट, आमच्या काळी असं नव्हतं, असं म्हणून दहा मिनिटांत खाली बसता येतं आणि टाळ्याही पडतात. आम्ही स्वतः याच जागेवरून असं तीन-चार वेळा बोललो आहोत. आज त्यातलं एक भाषण परत घेण्यासाठी आम्ही उभे आहोत. ते भाषण मे २०१६ मधलं, ‘सैराट’ सिनेमाच्या विरोधातलं.

आमचं शिक्षण नववी नापास. भोसरीच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये आमची सव्वीस वर्षं भट्टीपुढे गेली. वाचन जे काही झालं ते रात्रपाळीच्या चहाच्या सुट्टीत आणि या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर झालं. तेव्हा शब्द इकडचा तिकडे झाला तर शिकलेल्यांनी सांभाळून घ्यावं.

‘सैराट’ लागला २९ एप्रिल २०१६ ला. बाबासाहेबांची १२५ वी जयंती नुकतीच झाली होती, खांबांवरचे निळे झेंडे अजून उतरले नव्हते. आठ दिवसांत ती गाणी हळदीत, वरातीत, रिक्षात, कंपनीच्या बसमध्ये, जिथे तिथे. आमच्या गल्लीतली पाच वर्षांची पोरंसुद्धा नाचत होती. आणि दुसरीकडे पिंपळाच्या पारावर आम्ही वडीलधारी मंडळी बसलो की एकच चर्चा : या सिनेमानं पोरं पळून जायला शिकतील. शाळेतलं वय, आणि हातात हात घालून रेल्वेत बसतात म्हणजे काय! कोणी म्हणालं, आपल्या समाजाचा नुकसान करणारा सिनेमा आहे. कोणी म्हणालं, नागराज आपल्यातलाच माणूस, तो करमाळ्याकडचा, त्यानं असं करायला नको होतं. बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी सिनेमा बघितला होता? एकानेही नाही. आम्हीही नाही. तरी पुढच्या रविवारी वंदनेनंतर आम्ही पोरांना समोर बसवलं आणि अर्धा तास बोललो. सिनेमा बघायचा नाही, हे शेवटचं वाक्य होतं. पोरं गप्प बसून ऐकत होती. त्यांच्यात आमचा मुलगाही होता. दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होता. त्याने तोवर तो सिनेमा दोनदा बघितला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

कळलं असं की, त्याच्या आईला कपडे धुताना पँटच्या खिशात तिकीट सापडलं. ती काही बोलली नाही, फळीवर ठेवून दिलं. आम्ही दुसरी पाळी करून रात्री बाराला घरी आलो, पाणी पिताना ते दिसलं. झोपलेल्या पोराला उठवून आम्ही कानाखाली मारली. तो डोळे चोळत उठून बसला आणि म्हणाला, “पप्पा, काय चुकलं ते तरी सांगा.” आम्ही म्हणालो, “आपण आपल्या पायरीनं राहावं.”

बंधूंनो, हे वाक्य नीट ऐका. जो माणूस दर २० मार्चला या माईकवरून १९२७ चं चवदार तळं सांगतो, त्या माणसाच्या तोंडून रात्री बारा वाजता स्वतःच्या मुलापुढे ‘पायरी’ हा शब्द निघाला. आमच्या आज्याला गावच्या पाटलानं सांगितलेला तो शब्द. आमच्या बापाने तो गावात टाकून दिला आणि पोटासाठी इकडे आला. आणि आम्ही तो पिंपरीत, पत्र्याच्या घरात, पोराच्या अंगावर घातला. पोरगा त्यानंतर वीस-बावीस दिवस आमच्याशी बोलला नाही. जेवायचा, निघून जायचा. दहावीचा निकाल लागला तोही त्याने आईला सांगितला.

शेवटी त्याची आईच म्हणाली, “अहो, आधी तुम्ही बघा तरी. न बघता किती दिवस बोलणार?” सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं पिंपरीला विशालमध्ये गेलो. लग्नानंतर आम्ही जोडीनं बघितलेला हा चौथा की पाचवा सिनेमा.

आमचं मूळ गाव करमाळा तालुक्यातलं. त्यामुळे पडद्यावर जे दिसलं ते आम्हाला नवं नव्हतं. तो उन्हाळा, ते पाणी, त्या केळी, ते उसाचे फड, सगळं ओळखीचं. पाटलाची पोरगी बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आणि मासे धरणाऱ्याचं पोरगं तिच्याकडे बघत राहतं. आम्ही हसलोसुद्धा. मग कॉलेजातला तो प्रसंग आला. पाटलाचा पोरगा प्रिन्स वर्गात लोखंडे सरांच्या कानफटात मारतो. शिकवायला उभा असलेला माणूस, हातात खडू असलेला, आणि काल मिसरूड फुटलेलं पोरगं त्याला मारतं. थिएटरात मागच्या बाजूला काही जण हसले. आमचा हात आपोआप आमच्या गालावर गेला. शेजारी बसलेल्या पोराच्या आईने ते बघितलं. ती म्हणाली काही नाही. पण आम्हा दोघांनाही त्याच वेळी कळलं की गेल्या महिन्यात आपल्या घरात कोणी कोणाला मारलं.

शेवट तुम्हा सर्वांना माहीत आहे, तरी बोलतो. हैदराबादला ती दोघं झोपडपट्टीत राहतात. ज्या अक्काने त्यांना आसरा दिला तिच्यामुळे जगतात. पोरगी कारखान्यात बाटल्यांवर काम करते, पोरगा डोशाच्या गाडीवर उभा राहतो. भांडणं होतात, संशय येतो, परत एकत्र येतात, मूल होतं. आणि मग अर्ची आईला फोन करते. एवढंच करते ती. मुलीचा फोन घरी जातो आणि त्याच वाटेने तिचा भाऊ सामानाच्या पिशव्या घेऊन येतो. ती चहा ठेवते. पुढचं आम्ही सांगत नाही. ते लेकरू रक्तात पाय भिजवून बाहेर चालत जातं आणि पडद्यावर काही आवाज नसतो. थिएटरातले दिवे लागले तरी माणसं उठली नाहीत. ज्या गाण्यांवर पोरं शिट्ट्या मारत होती ती पोरंसुद्धा मान खाली घालून बसली होती.

बाहेर येऊन आम्ही रसवंतीत बसलो. मुलाच्या आईने विचारलं, “यात पोरांनी काय वाईट केलं?” आम्हाला उत्तर सुचेना. पळून गेली, हे खरं. शिक्षण सोडलं, हेही खरं. पण हत्यार कोणाच्या हातात होतं? आम्ही महिनाभर ओरडत होतो की हा सिनेमा पोरांना बिघडवतो. अहो, तो सिनेमा आमच्याबद्दल होता. मोठ्या माणसांबद्दल.

आता दुसरी बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर कोणी म्हणेल, आधी शिव्या दिल्या आणि आता आरती ओवाळतो. आमची त्या सिनेमाबद्दल एक तक्रार तेव्हाही होती, आजही आहे. पहिला दीड तास इतका गोड आहे की सोळा वर्षांच्या पोराच्या मनात तोच राहतो. आम्ही वस्तीतल्या आठ-दहा पोरांना विचारलं, काय आठवतं? विहिरीतली उडी, बुलेट, गाणी. डोशाची गाडी कोणालाच आठवली नाही. दोघांचं कॉलेज सुटलं, हातात काही नसताना परक्या मुलुखात उभं राहावं लागलं, हे नागराजने दाखवलं आहे, लपवलेलं नाही. पण पोराला ते दिसत नाही. ते बापानं शेजारी बसून दाखवावं लागतं. आणि बाप तर पारावर बसून सिनेमावर बंदी घालत होता.

रोलिंग मिलमध्ये लालभडक सळई रोलमधून पळत असते. कधी कधी ती वाट सोडून बाहेर उसळते, सापासारखी. आम्ही तीन जणांना त्यात भाजलेलं बघितलं आहे. तरी नवा हेल्पर आला की आम्ही त्याला ‘तिकडे बघू नको’ असं सांगत नाही. आम्ही त्याला सांगतो की सळई कुठून उडते, कुठं उभं राहायचं, पळायचं ते कोणत्या बाजूला. पहिले पंधरा दिवस जुना माणूस त्याच्या खांद्याशी उभा असतो. परक्याच्या पोरासाठी आम्हाला ही अक्कल होती.

काही जण म्हणतील, सिनेमे काय एकच आहे का. नाही. २०१२ साली ‘शाळा’ आला, मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा. २०१३ ला ‘बालक-पालक’, त्यात चाळीतली पोरं चोरून नको ती कॅसेट बघतात. आमच्या ओळखीच्या एकाही घरातून तो सिनेमा आईबाप आणि मुलं मिळून बघायला गेली नाहीत, नाव ‘बालक-पालक’ असून. २०१४ च्या सुरुवातीला ‘टाइमपास’. आणि त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला ‘फँड्री’. यातल्या ‘शाळा’ आणि ‘फँड्री’ची जोडी लावून बघा. दोन्हींत शाळकरी पोरगा, दोन्हींत वर्गातली मुलगी, दोन्हींत नुसतं बघणं. ‘शाळे’तल्या जोशीचं फार तर काय होतं? बोलणी बसतात, बदनामी होते, शिरोडकर गाव सोडून जाते. दुःख आहे, पण पोरगा घरी आहे, जेवतो आहे. ‘फँड्री’तल्या जब्याचं काय होतं? ज्या मुलीनं आपल्याकडे बघावं म्हणून तो जीव टाकतो तिच्यासमोर त्याला डुक्कर धरावं लागतं, आणि गाव कडेला उभं राहून हसतं. वय तेच, प्रेम तेच. धोका मात्र पोरागणिक वेगळा आहे, आणि तो जन्मावर ठरतो. म्हणून परक्या वस्तीतला बाप जेव्हा म्हणतो ‘पोरं बिघडतील’, आणि आपला बाप म्हणतो ‘पोरं बिघडतील’, तेव्हा दोघं एकच बोलत नसतात. आपल्या बापाला म्हणायचं असतं, ‘पोरगं मारलं जाईल.’

हे आम्ही हवेत बोलत नाही. ‘फँड्री’ लागून अडीच महिने झाले नव्हते. २८ एप्रिल २०१४, नगर जिल्हा, जामखेड तालुका, खर्डा. सतरा वर्षांचा आपला शाळकरी मुलगा. नाव तुम्हा सर्वांना पाठ आहे, त्याच्यासाठी आपण पिंपरीच्या पुतळ्यापाशी मेणबत्त्या लावल्या आहेत. आरोप काय, तर वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो. त्याला मारून झाडाला टांगलं. खटल्यात साक्षीदार फुटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्याच्या आधी, १ जानेवारी २०१३ ला, नेवासे तालुक्यात सोनईला मेहतर समाजाच्या तीन तरुणांना मारलं, तेही एका प्रेमप्रकरणावरून. तिथे नाशिकच्या न्यायालयाने २०१८ साली सहा जणांना फाशी सुनावली. आणि हे गावाकडचं झालं असं कोणी म्हणू नये. जून २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, आपल्या पिंपळे सौदागरला, जिथं टोलेजंग इमारती आणि मॉल आहेत, तिथं आपला वीस वर्षांचा पोरगा याच कारणावरून मारला गेला. इथून मोटारसायकलवर वीस मिनिटांची वाट.

तेव्हा त्या रात्री आमचा हात उठला तो या भीतीने उठला. भीती खोटी नव्हती. पण भीती आम्ही पोराला सांगितलीच नाही! ‘बाळा, मला तुझी भीती वाटते, खर्ड्याचं पोरगं तुझ्याएवढं होतं,’ हे वाक्य बोलायला काय लागत होतं? बाप घाबरतो हे पोराला कळू नये म्हणून आम्ही त्याला संस्कार म्हणालो. पोराला वाटलं, आपला बाप जुनाट आहे. आता विचार करा, असं पोरगं उद्या खरोखर अडचणीत आलं तर फोन कोणाला करेल?

इथपर्यंत बोलून आम्ही थांबलो तर तुम्ही म्हणाल, वा, चांगलं बोलले. कारण इथपर्यंत दोषी दुसरे आहेत. पाटील, सरंजाम, गाव. पुढचं आमच्या वस्तीतलं आहे. नाव-गाव घेणार नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि त्यांनी आम्हाला रागवावं.

‘सैराट’नंतर दोन वर्षांनी आपल्यातल्याच एका मुलीचं प्रकरण निघालं. वय एकोणीस, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. मुलगा चाकणला कंपनीत कामाला, निर्व्यसनी, वय तेवीस. मुलगा मातंग समाजाचा. घरात रात्री बैठक बसली. सात-आठ जण होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर. आम्हाला मुद्दाम बोलावलं होतं, ‘तुम्ही वाचलेले आहात, तुम्ही समजवा’ म्हणून. मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, “काका, तुम्हीच तर सांगता ना जात नसते म्हणून?” आणि आम्ही, आम्ही म्हणालो, “ते बरोबर आहे बाळा, पण समाजाचाही विचार करावा लागतो.”

दीड महिन्यात तिचं लग्न लावलं. मुलाकडचे आपलेच, त्यातही चौकशी करून, सोमवंशी आहेत ना हे बघून. हो, हेही आपल्यात चालतं, तोंड फिरवू नका. धर्मांतराला साठ वर्षं होऊन गेली होती. तिचं कॉलेज सुटलं. आता जयंतीला माहेरी येते, कडेवर मूल असतं. आम्हाला जयभीम करते. डोळ्यांत बघत नाही. ती सुखी आहे की नाही, आम्हाला माहीत नाही, कारण विचारायचा आम्हाला धीर झाला नाही. तिला कोणी कोयत्यानं मारलं नाही. पण त्या बैठकीत आम्ही कोणत्या बाजूला बसलो होतो? लोखंडे सरांच्या बाजूला तर नक्कीच नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं. मंडळाला ते पचलं नाही, त्यांनी परिषदच रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतः छापून काढलं. जातिनिर्मूलनाचं ते पुस्तक. सहभोजनं करून जात जात नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह, असं त्यात स्पष्ट आहे. हे आम्ही माईकवरून किती वेळा सांगितलं असेल याची गणती नाही. पण तेच बाबासाहेब २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत मुलींच्या लग्नाची घाई करू नका म्हणून सांगतात, आणि बायकोनं नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण म्हणून उभं राहावं म्हणून सांगतात. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने सांगितल्या आहेत. पोरांनो, तुम्ही पहिली तेवढी लक्षात ठेवता. आईबापांनो, तुम्ही-आम्ही दुसरीतलं ‘घाई करू नका’ तेवढं धरतो, आणि तेही मुलगी दुसऱ्या जातीत जात असेल तरच. आपल्यात देताना दीड महिना पुरतो.

वर्षावासात आपण ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचतो. त्यात प्रकृतीची गोष्ट आहे. चांडाळाची पोरगी. नदीकाठी आनंद तिच्याकडे पाणी मागतो. ती म्हणते, मी हलक्या जातीची. तो म्हणतो, मी पाणी मागितलं, जात नाही. आणि त्या पोरीचं मन त्याच्यावर जडतं. ती जेवत नाही, रडते, आईकडे हट्ट धरते, आई मंत्रतंत्राची धमकी देऊन बघते. म्हणजे बघा, सैराटच. आपण वाचताना हा भाग कसा वाचतो? भरभर. समोर पोरीबाळी बसलेल्या असतात म्हणून वाचणारा मान वर करत नाही. खरं तर तिथंच थांबायला पाहिजे. कारण ती पोरगी आनंदाच्या मागेमागे येते तेव्हा बुद्ध तिला हाकलत नाही. बोलावून घेतो. तुझ्या मनात काय आहे, हे तिलाच विचारतो. मग तिच्याशी बोलतो, तिच्या आईलाही त्यात घेतो. एवढा मोठा शास्ता, त्याला एका चांडाळाच्या पोरीचं मन ऐकायला वेळ होता. आम्हाला दुसरी पाळी होती.

असो. पोरांसाठी काही रोकड्या गोष्टी सांगतो, कारण या सिनेमात नसतात.

मुलगी अठराच्या आत असेल तर ती स्वतःच्या पायाने चालत आली तरी कायद्याच्या लेखी तुम्ही तिला पळवलं. २०१२ चा पॉक्सो कायदा अशा मुलीची संमती धरतच नाही. तिच्या घरच्यांनी तक्रार दिली की गुन्हा तुमच्यावर, आणि तुम्ही कोणत्या समाजाचे हे बघून कलमं कमी होत नसतात, झाली तर वाढतात. लग्नाला मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस पूर्ण पाहिजे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं नोंदणी करायची तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते, म्हणजे जे तुम्ही लपवताय ते भिंतीवर लागतं. हे आधी माहीत पाहिजे. दोघं सज्ञान असतील तर मात्र घरच्यांची, भावकीची, कोणाचीही परवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये ठामपणे सांगितलं आहे. अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष असावेत, सुरक्षित निवाऱ्याचा विचार व्हावा, असेही निर्देश दिले आहेत. कागदावरचं किती उतरलं ते सोडा, पण पोलीस ठाण्यात उभं राहून हा निकाल सांगणारा माणूस बरोबर असला तर फरक पडतो. तो माणूस वस्तीचा कार्यकर्ता असू शकतो, बाप असू शकतो. शिक्षण, स्वतःची कमाई, स्वतःची कागदपत्रं आणि वय. या चार गोष्टी हातात नसताना रेल्वेत बसलात तर अक्का भेटेलच असं नाही.

आणखी एक सिनेमा राहिला, ‘मुळशी पॅटर्न’, नोव्हेंबर २०१८. आपल्या हिंजवडी-मुळशीच्या जमिनी विकल्या गेल्या आणि शेतकऱ्याची पोरं गुंडांच्या टोळीत गेली, ती गोष्ट. त्यातून पोरांनी काय उचललं, ते आपण बघतोच आहोत. कोयता घेऊन रील काढतात आणि पोलीस घरी येतात तेव्हा आई रडते. त्यावर बोलायला वेगळा दिवस पाहिजे. एवढंच म्हणतो की त्या सिनेमातही बाप आहे, आणि जमीन बापाने विकलेली आहे.

आमचा मुलगा आता पंचवीस वर्षांचा आहे. डिप्लोमा केला, चाकणला नोकरी करतो. त्या रात्रीबद्दल आम्ही त्याची माफी मागितली, पण ती मागायला आम्हाला चार वर्षं लागली. पिंपळे सौदागरची बातमी आली त्या रात्री लॉकडाऊनमुळे सगळे घरातच होतो. टीव्ही बंद करून आम्ही त्याला म्हणालो, “त्या दिवशी मी तुला मारलं ना, ते याच्या भीतीनं मारलं.” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पप्पा, मला माहीत होतं. पण तुम्ही ‘पायरी’ म्हणालात, ते नव्हतं म्हणायला पाहिजे.” चार वर्षं त्याला मार आठवत नव्हता, शब्द आठवत होता.

पंचवीस डिसेंबरला आपण सगळे देहूरोडला जातो. १९५४ साली त्याच दिवशी बाबासाहेबांनी तिथं बुद्धमूर्तीची स्थापना केली. मागच्या वर्षी तिथून परत येताना बसमध्ये पोरांनीच विषय काढला, की विहारात सिनेमा दाखवायचा. समितीत थोडी कुरकुर झाली, विहार म्हणजे थिएटर आहे का, वगैरे. कुरकुर करणाऱ्यांत २०१६ चे आम्हीच असतो, म्हणून आम्हाला ती नीट समजली. समितीने शेवटी होकार दिला आहे. येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता, वंदनेनंतर, ‘फँड्री’ दाखवायचा आहे. प्रोजेक्टर आमच्या मुलाने मित्राकडून ठरवला आहे, पडद्याला महिला मंडळाची पांढरी चादर आहे. सिनेमानंतर मोठ्यांपैकी कोणी बोलायचं नाही, आमच्यासकट. पोरं बोलणार आहेत, पोरीसुद्धा. आमचा मुलगा सुरुवात करणार आहे. काय बोलणार ते त्याने कागदावर लिहून ठेवलं आहे, पण आम्हाला दाखवलेलं नाही.

बापांनी पुढच्या दोन रांगांत बसावं. दुसऱ्या पाळीवाल्यांनी सुट्टी टाकावी, आम्ही टाकली आहे. जयभीम.